शाळेसमोरच्या दुकानातली शाई

मे १९८३, शनिवार, दुपार. ठिकाण: पश्चिम जर्मनीतलं एक लहान गाव, तिथल्या शाळेसमोरचा रस्ता. हजर: आमचे चीफ इन्स्पेक्टर साहेब, मेंटेनन्सचा फोरमन दळवी, आणि मी, खरेदी विभाग. गैरहजर: दळवीची बॅग. ती विमान कंपनीने दुसऱ्याच कुठल्या तरी देशात पाठवली होती, त्यामुळे साहेबांचा स्वेटर घालून दळवी उभा होता आणि त्याची मनगटं बाहेर राहत होती.

आमच्यासमोर स्टेशनरीचं छोटंसं दुकान होतं आणि मालकीण आतून कडी लावायच्या बेतात होती. तिकडे शनिवारी दुपारी बंद झालेलं दुकान सोमवारी उघडतं. आम्ही रविवारी निघणार होतो. साहेबांनी काचेवर टकटक केलं. बाईने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. मग साहेबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि डॉक्टरला जीभ दाखवावी तशी तिला निब दाखवली.

"साहेबानू," दळवी म्हणाला, "ती बाय पोलीस बोलवतली हां."

"गप रे. ती बघतेय."

ती खरंच बघत होती. तिने दार उघडलं.

आत काय झालं ते सांगण्याआधी साहेब कोण ते सांगायला हवं. नाहीतर शाईच्या बाटल्यांवरून एवढं लिहायचं काय कारण, असं कोणीही विचारील.

अंधेरी पूर्वेला, मरोळकडे जाताना आमचा कारखाना आहे. आम्ही चेनपुल्या बनवतो, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या पुल्या. मोटारीचं इंजिन वर घ्यायचं असेल किंवा मशीन जागेवरून हलवायचं असेल तर ही पुली छताच्या तुळईला टांगतात आणि खाली माणसं काम करतात. पुली सरकली तर खाली माणूस असतो. म्हणून प्रत्येक पुलीला तिच्या ताकदीपेक्षा जास्त वजन लटकवून बघायचं आणि चीफ इन्स्पेक्टरने सर्टिफिकेटवर सही करायची, अशी पद्धत. सही नसेल तर माल गेटबाहेर जात नाही. सर्टिफिकेटच्या दोन प्रती: एक गिऱ्हाईकाला, एक आमच्या फाईलला. दोन्हींवर साहेबांची सही.

ही सही हा एक कार्यक्रमच असे. फॉर्म इंग्रजीत, पण सही मराठीत. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. उभ्याने सही नाही. दुसऱ्याच्या पेनाने नाही. बॉलपेनने तर नाहीच. "बॉलपेनने माणूस लिहीत नाही, खरडतो," असं ते म्हणत आणि समोरच्याच्या खिशातल्या बॉलपेनकडे बघत. सही झाली की टीपकागद लावायचा नाही, कारण टीपकागद अर्धी सही पिऊन टाकतो. कागद टेबलावर उघडा राहणार, शाई आपली आपण सुकणार, आणि तोवर गेटवर ट्रक उभा. डिस्पॅचचा माणूस रडकुंडीला येई.

एकदा आमचे धाकटे शेठ स्वतः आले. "साहेब, पंखा फुल करू का?"

"नको. पंख्याने शाई वरवर सुकते. कागदात उतरू दे तिला."

"अहो, गाडी बोरिवलीला जायचीय, कागदात नाही!"

साहेब हसले, पण पंखा वाढवला नाही.

त्यांच्या केबिनची खिडकी पश्चिमेला होती. त्या खिडकीच्या कट्ट्यावर कागदाच्या पट्ट्या ओळीने चिकटवलेल्या असत. प्रत्येक पट्टीवर एका शाईच्या रेघा. अर्धी पट्टी पोलादी पट्टीखाली झाकलेली, अर्धी उन्हात. महिन्या-महिन्याने ती पोलादी पट्टी उचलून झाकलेला आणि उघडा भाग ताडून बघायचा. नव्या माणसाला वाटे, हे कंपनीचं काम आहे. ते कंपनीचं काम नव्हतं. आपल्याकडची काळपट निळी शाई टिकायला चांगली, पण ती निबेत गाळ धरते आणि ऐन सहीत अडकते. टिकेलही आणि वाहीलही अशी शाई त्यांना हवी होती. ती ते परदेशात शोधत.

कंपनी त्यांना मशीनं पारखायला बाहेर पाठवी. त्या दिवसांत परदेशातून परतणारा माणूस टू-इन-वन आणी, सेंट आणी, जमलं तर व्हीसीआर आणी. साहेब शाई आणत. मिळालं तर एखादं जुनं पेन. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती जर्मनीला निघायच्या आधी, मुलुंड पूर्वेला, पासपोर्टचे कागद घ्यायला. वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"तुम्ही बरोबर आहात म्हणून सांगते. यांना एक कात्री आणायला लावा. चांगली जर्मन कात्री. मागे जपानला गेले तेव्हा मी म्हटलं, घडीची छत्री आणा. आणली काय? शाई! मी काय पावसात डोक्यावर शाई धरू?"

बाहेरून साहेब म्हणाले, "छत्रीचं दुकान कोर्टाच्या बाजूला नव्हतं."

हे उत्तर मला तेव्हा कळलं नाही. विमानात कळलं. शाई शोधण्याचा त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला तीन-चारदा समजावला, मी टिपून घेत नाही हे पाहून पुन्हा समजावला. मोठ्या दुकानात जायचं नाही. तिथे भेट द्यायची पेनं मिळतात, लिहायची मिळत नाहीत. गाव नवीन असेल तर आधी विचारायचं, कोर्ट कुठे आहे? कोर्ट नसेल तर शाळा कुठे आहे? "जिथे लोकांना रोज लिहावंच लागतं, त्याच्या समोर शाई मिळते. हे जगात कुठेही जा."

या नियमाने त्यांना इटलीत एक दुकान मिळालं होतं, वकिलांना कागद पुरवणारं. दुकानदार म्हातारा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, यांना इटालियन. दोघांनी काउंटरवर कागद पसरला आणि आळीपाळीने लिहीत बसले. त्याने त्याचं नाव लिहिलं, यांनी यांचं. त्याने आकडे काढले, यांनी बाराखडी काढून दाखवली. साहेबांची गाडी चुकली, दुसऱ्या दिवशीची मशीनची ट्रायल पुढे गेली आणि धाकट्या शेठची तार आली. ती तार साहेबांनी जपून ठेवली होती. मागच्या कोऱ्या बाजूवर त्या म्हाताऱ्याने दिलेल्या शाईचा नमुना होता.

जपानमधली गोष्ट ते जास्त आवडीने सांगत. तिथे अगदी हवी तशी शाई मिळाली. पण एकच बाटली उरलेली आणि तीही जुनी. दुकानदाराने ती उजेडासमोर धरली, तळाचा गाळ दाखवला आणि विकायला नकार दिला. साहेबांनी हात जोडले तरी नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? असा दुकानदार बघायला मिळाला, बाई! दुसरी घेतली."

प्रवासात ते पेनं रिकामी करून दाताच्या ब्रशच्या डबीत ठेवत, कारण विमानात भरलेलं पेन गळतं. कोटाच्या आतल्या खिशात कागदाच्या पट्ट्या आणि औषधाची एक चिमुकली बाटली, तिच्यात साधं पाणी. दुकानात रेघ मारायची, सुकू द्यायची, वर पाण्याचा थेंब सोडायचा आणि वाट बघायची. रेघ पसरली तर नमस्कार करून बाहेर. ही परीक्षा झाल्याशिवाय त्यांनी कधी शाई घेतली नव्हती.

त्या शनिवारी ती झाली नाही.

कारण त्यांचं त्यांनीच करून ठेवलं होतं. आम्ही वजन तपासायचं मशीन घ्यायला गेलो होतो. सगळं ठीक होतं, फक्त शून्यावर काटा किंचित थरथरायचा. तिथला इंजिनिअर म्हणाला, एवढं चालतं. साहेब म्हणाले, "शून्याला जो स्थिर नाही, त्याचं टनाला काय ऐकायचं?" मशीन पुन्हा उघडायला लावलं. शनिवारी सकाळी यायची काही गरज नव्हती, तरी तो बिचारा आला. काटा स्थिर होईतो जेवणाची वेळ टळून गेली. गावात कोर्ट नव्हतं. साहेबांनी शाळा कुठे ते विचारलं. इंजिनिअरला वाटलं, नातवंडांसाठी चौकशी चाललीय. त्याने कौतुकाने नकाशा काढून दिला.

तर ती बाई हातात किल्ल्या घेऊन उभी. साहेबांनी शाई म्हटल्यावर तिने एका फळीकडे बोट केलं. सुबक काचेच्या बाटल्या, आत निळी शाई. साहेबांनी खिशातून पट्टी आणि पाण्याची बाटली काढली. तिने मान हलवली आणि किल्ल्या वाजवल्या. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, टिकाऊ आहे का? तिने समोरच्या शाळेकडे बोट केलं, हात खाली नेऊन एवढ्याएवढ्या मुलांची उंची दाखवली, हवेत लिहिल्यासारखं केलं, मग बोटाने हवेतच काहीतरी चोळून दाखवलं आणि हसली.

"बघितलंत?" साहेब आम्हाला म्हणाले. "पोरं हिने लिहितात. आणि किती सुळसुळीत आहे तेही दाखवतेय. ज्या देशात लहान मुलांच्या हातात शाई देतात तो देश कागद सांभाळणारच."

त्यांनी ती अख्खी फळी घेतली. दळवीने बाटल्या उचलल्या, कारण त्याच्याकडे दुसरं सामान नव्हतं. वहिनींची कात्री मी आदल्या दिवशीच घेऊन ठेवली होती.

परतल्यावर विमानतळावर कस्टमवाल्याने साहेबांची बॅग उघडली. मोज्यांत गुंडाळलेल्या बाटल्या निघाल्या.

"हे काय?"

"शाई."

"एवढी? आणि?"

"आणि काही नाही."

"जर्मनीहून आलात आणि फक्त शाई?" त्याने शेजारच्या कस्टमवाल्यालाही बोलावलं. दोघांनी मोजे उलटे करून बघितले. मग पहिल्याने खात्री करून घ्यायला एका बाटलीचं झाकण फिरवलं आणि ती त्याच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर सांडली. दळवी त्याला नळाकडे घेऊन गेला. दोघं परत आले तेव्हा बाही ओली होती आणि पांढरी होती.

"नशीब, डाग गेलो," दळवी म्हणाला.

आम्ही तिघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. आम्हा तिघांतल्या एकाच्याही डोक्यात दुसरा विचार आला नाही, आणि त्या तिघांत एक माणूस तीस वर्षं शाया तपासत होता.

जूनपासून साहेब त्या शाईने सह्या करू लागले. इतकी देखणी सही मी त्यांची कधी पाहिली नव्हती. पेन कुठे अडकत नव्हतं, काना वेलांटी सगळं जागच्या जागी, निळंभोर. खिडकीतली पट्टी मात्र लावली नाही; म्हणाले, पावसाळ्यात ऊन कुठलं, ऑक्टोबरात लावू. ऑक्टोबरात लावली नाही. पाण्याचा थेंबही टाकला नाही. पुढे मी एकदा विचारलं, का नाही टाकला? म्हणाले, "बाई, इतक्या लांबून आणलेली. घरात आणल्यावर तिच्यावर संशय घ्यायचं मनात आलं नाही."

जानेवारीत एका सुट्टीच्या दिवशी गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहिली. खाली रेकॉर्डची खोली. सकाळी दार उघडलं तर फाईली कपाटासकट निथळत होत्या. आम्ही मशीनशॉपमध्ये दोऱ्या बांधल्या आणि सर्टिफिकेटं कपड्यांसारखी वाळत घातली. टाइप केलेला मजकूर शाबूत होता. आदल्या वर्षांच्या सह्या शाबूत होत्या, गाळवाल्या देशी शाईतल्या. जूनपासूनच्या कागदांवर सहीच्या जागी फिकट निळा ढग होता.

दळवी एकेक कागद उलटापालटा करत होता. "साहेबानू, तुमची सही खंय गेली?"

साहेब एका कागदापासून दुसऱ्या कागदाकडे जात राहिले.

त्याच आठवड्यात तो जर्मन इंजिनिअर मशीन बसवायला आमच्याकडे आला होता. साहेबांनी त्याच्यासमोर बाटली ठेवली. त्याने लेबल वाचलं आणि हसू लागला. म्हणाला, ही माझ्या मुलीच्या दप्तरात असते. शाळेतल्या मुलांच्या चुका होतात ना, म्हणून ही शाई मुद्दाम पुसता येईल अशी करतात. बोट चोळून त्याने दाखवलंही, त्या बाईने दाखवलं होतं अगदी तसंच.

"म्हणजे जाण्यासाठीच केलेली," साहेब म्हणाले. आणि त्याला चहा मागवला.

आता प्रश्न साधा होता आणि सगळ्यांना कळत होता. एप्रिलमध्ये सरकारी तपासणीस यायचा होता. सर्टिफिकेटांवर सह्या नसतील तर आमची माल तपासून विकायची परवानगी थांबणार. आणि साहेब त्या वर्षअखेरीला निवृत्त होणार होते.

धाकटे शेठ केबिनमध्ये आले. मी तिथेच होते. "साहेब, टेन्शन कशाला? जुनी शाई भरा, बसा, एका दुपारी सगळं खल्लास. चहा मी पाठवतो."

"नाही जमणार."

"अहो, सही तुमचीच ना? तुम्हीच केली होती ना?"

"केली होती. ज्या दिवशी पुली बघितली त्या दिवशी केली होती. आज सही केली तर आज बघितली असं होईल. आज मी काय बघितलंय? ओले कागद."

"यार, कोणाला कळणार आहे!"

"शेठ, मला कळलंय ना."

शेठ चिडले. म्हणाले, तपासणीस येईपर्यंत कागद पुरे झाले नाहीत तर मी ज्युनिअरकडून सह्या करून घेईन. साहेब म्हणाले, जरूर घ्या, पण त्याआधी माझं नाव या खात्याच्या दारावरून काढा. तीस वर्षं ते नाव त्या दारावर होतं. शेठ दार आपटून गेले, पण नाव काढा असं कोणाला सांगितलं नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, कुठली पुली कुठे गेली ते तुमच्याकडे असेल."

असणारच. माझ्याकडे कुठली पुली कुठे, कोणत्या रस्त्याने, कोणाच्या हाती गेली तेही होतं. त्या काळी आमचा बहुतेक माल उपनगरांतल्या लहान कारखान्यांतच जाई. अडचण एवढीच की चालू कारखान्यात कोणी पुली खाली उतरवू देत नाही. पण आठवड्याची सुट्टी प्रत्येक भागात वेगळ्या वारी असते. मी भागवार आणि वारवार मांडणी केली: कोणत्या वारी घाटकोपर, कोणत्या वारी चेंबूर, विक्रोळी. दळवीने लटकवायचा डायलचा वजनकाटा घेतला. साहेबांनी देशी शाई भरली. आम्ही निघालो.

चेंबूरला एका गॅरेजवाल्याने सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. वर पत्र्यात उजेडाचा काचतुकडा, त्यातून ऊन थेट फ्रेमवर.

"सर्टिफिकेट आहे की साहेब! हे काय, फ्रेम केलंय, रोज उदबत्ती फिरते."

साहेबांनी चष्मा वर करून बघितलं. "सही नाहीये."

"असं कसं? होती!" त्याने फ्रेम काढून मागची बाजू बघितली. "च्यायला, फ्रेममधनं गेली कशी?"

साहेबांनी त्याला सगळं सांगितलं, बाटलीपासून. मला वाटलं होतं, ते थोडक्यात आटपतील. पण प्रत्येक ठिकाणी ते पूर्ण सांगत: चूक माझी, शाई माझी, पुन्हा तपासायचा त्रास तुम्हाला. काही जण हसले. काहींनी चहा दिला. देवनारला एक दुकान खाटीकखान्याच्या अंगाला होतं. दळवी नाकाला रुमाल लावून शिडीवर. "मॅडमनू, ह्या वासात माणूस जगता कसो?" साहेब मात्र खाली निवांत, हूकच्या तोंडाला माप लावून बघत होते.

घाटकोपरला भांडण झालं. तिथल्या पुलीचा हूक तोंडाशी उघडला होता. मापाने किंचितच, पण उघडला होता. मालकाने कबूल केलं नाही तरी दिसत होतं की त्याने दुप्पट वजनं उचलली आहेत. साहेबांनी पुली उतरवली आणि साखळी गुंडाळून दळवीच्या हातात दिली.

"ओ साहेब! हे काय? सही करायला आलात ना तुम्ही?"

"सही करायला नाही, बघायला आलो. बघितलं."

"उद्या सकाळी माझं काम अडलं तर? धंद्याची वाट लावता काय!"

"या खाली कोण उभं राहतं?"

"पोरं राहतात. आणि मी पण राहतो."

"मग आज भांडा," साहेब म्हणाले. "उद्या भांडायला असाल."

तो माणूस आमच्या मागे रस्त्यापर्यंत बोलत आला. दुसऱ्या आठवड्यात नवा हूक लावून पुली परत गेली, तेव्हा त्याने साहेबांना आत बोलावलं नाही, पण त्यानेही फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट उन्हातून हलवलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी साहेबांना म्हटलं, "शेठचं ऐकलं असतं तर या हूकवरही सही झाली असती." ते निबेतला गाळ फडक्याने पुसत बसले.

मार्चअखेरीला माझ्या यादीत सगळीकडे खुणा झाल्या, एक सोडून. ती पुली मुलुंडला चेकनाक्याच्या बाजूला एका कारखान्यात होती. दोन भावांचं भांडण कोर्टात गेलं होतं आणि दाराला सील. दोघा भावांना मी वेगवेगळी भेटले. थोरला म्हणाला, धाकट्याला विचारा. धाकटा म्हणाला, त्याच्याशी मी बोलत नाही, कोर्टाला विचारा. मी कोर्टाला अर्ज केला. उत्तर आलं नाही.

आम्ही तिघं तिथे जाऊन आलो. मागच्या बाजूला गजांची खिडकी होती, एक तावदान फुटलेलं. आत मधोमध आमची पुली लटकत होती, साखळीवर कबुतरांची घाण.

"दिसता हा की," दळवी म्हणाला. "हूकय बरो दिसता."

"दिसतोय," साहेब म्हणाले. आणखी काही वेळ ते गजांना धरून बघत राहिले. मग म्हणाले, "चला."

तपासणीस आला तो तरुण निघाला, नव्याने लागलेला. साहेबांनी फाईल पुढे केली आणि ते एक बिनसहीचं सर्टिफिकेट सगळ्यात वर ठेवलं. धाकट्या शेठनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"हे काय?" तपासणीसाने विचारलं.

"हे राहिलंय."

"पुली कुठे आहे?"

"मुलुंडला. सीलमध्ये."

"तुम्ही बघितली?"

"खिडकीतून."

तपासणीसाने एकदा साहेबांकडे बघितलं, उरलेली फाईल चाळली, आणि शेऱ्यात लिहिलं: एक बाकी. परवानगी चालू राहिली. साहेब त्याला गेटपर्यंत सोडायला गेले, जे ते कोणासाठीच करत नसत.

डिसेंबरात ते निवृत्त झाले. पाच वर्षं होत आली. शाई शोधायला त्यांना आता कोणी कुठे पाठवत नाही. मुलुंडलाच राहतात, त्यामुळे संध्याकाळचं फिरणं पश्चिमेला, त्या कारखान्याच्या मागच्या बाजूला. तिथल्या वॉचमनने त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं आहे. वहिनी म्हणतात, देवळात जा म्हटलं तर गुडघे दुखतात, कबुतरं बघायला रोज जातात. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हात थोडा कापतो. पूर्ण नाव लिहायला आता बराच वेळ लागेल.

ते सर्टिफिकेट माझ्या टेबलाच्या खणात आहे. नव्या चीफ इन्स्पेक्टरांनी ते दोनदा मागितलं. चांगले गृहस्थ आहेत, त्यांना फक्त फाईल बंद करायची आहे.

"द्या हो मॅडम, सही मारून टाकतो. किती वर्षं ठेवणार?"

"तुम्ही पुली बघितलीय का?"

"मी कशाला बघू? जुनी केस आहे."

"मग राहू दे."

कोर्टाची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. सील निघालं तर त्याच दिवशी काटा न्यायचा, असं मी दळवीला सांगून ठेवलंय. साहेबांना तारीख पडली की मीच फोन करते. मागच्या वेळी केला तेव्हा मी म्हटलं, "साहेब, तुमचं त्या दिवशी येणं झालं नाही तर?"

"तर कागद कोरा ठेवा," ते म्हणाले.

तो अजून कोरा आहे.